२९७ की १६६? बॉबी मॅथ्यूज या विस्मृत पिचरच्या कारकिर्दीचा हिशेब

अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात २१ नोव्हेंबर १८५१ रोजी जन्मलेल्या बॉबी मॅथ्यूज या बेसबॉलपटूच्या नावापुढे काही नोंदींमध्ये २९७ विजय लिहिलेले आढळतात, तर काही नोंदींमध्ये केवळ १६६. हा फरक छपाईच्या चुकीमुळे किंवा हरवलेल्या कागदांमुळे पडलेला नाही. दोन्ही बेरजा अचूक आहेत. मॅथ्यूज मृत्यू पावल्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळाने घेतल्या गेलेल्या एका निर्णयामुळे त्याचे १३१ विजय अधिकृत हिशेबाच्या बाहेर गेले. हे कसे घडले हे समजून घ्यायचे असेल, तर आधी त्या काळचे बेसबॉल कसे खेळले जात होते हे पाहावे लागते, कारण आजच्या बेसबॉलचे नियम डोळ्यांसमोर ठेवून मॅथ्यूजची कारकीर्द वाचली तर तिच्यातील जवळजवळ प्रत्येक आकडा अविश्वसनीय वाटतो.

बेसबॉलमध्ये प्रत्येक संघाचे नऊ खेळाडू असतात आणि सामना नऊ डावांचा असतो. प्रत्येक डावात दोन्ही संघ एकेकदा फलंदाजी करतात आणि तीन फलंदाज बाद झाले की संघाची पाळी संपते. फलंदाजाकडे चेंडू टाकणारा तो पिचर. क्रिकेटमध्ये षटकागणिक गोलंदाज बदलतो. बेसबॉलमध्ये मात्र पिचर एकदा उभा राहिला की त्याला बदलेपर्यंत प्रत्येक चेंडू तोच टाकतो. सामन्यावर त्याचा प्रभाव इतका मोठा असतो की संघाचा विजय किंवा पराभव एका पिचरच्या नावावर मांडण्याची पद्धत या खेळात रूढ झाली. एखाद्या पिचरने ३०० सामने जिंकले असे म्हणतात तेव्हा त्याच्या संघाने जिंकलेल्या ३०० सामन्यांचे श्रेय त्याला दिले गेले, असा त्याचा अर्थ असतो. दीडशे वर्षांच्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये हा टप्पा फार थोड्या पिचरांनी गाठला आहे. मॅथ्यूज त्यापासून तीन विजय दूर थांबला, आणि तो दूर थांबला हे त्याला स्वतःला बहुधा कधी कळलेही नसावे, कारण पिचरच्या नावावर विजय मांडण्याची पद्धत त्याच्या कारकिर्दीच्या उत्तरार्धात कुठे आकार घेऊ लागली होती. त्याचे बहुतेक आकडे पुढच्या पिढ्यांतील अभ्यासकांनी जुन्या वृत्तपत्रांत छापलेल्या धावफलकांवरून जुळवले आहेत.

फोर्ट वेनमधील पहिला सामना

१८६९ साली सिनसिनाटीच्या संघाने आपल्या सर्व खेळाडूंना उघडपणे पगार देऊन खेळवले आणि बेसबॉल हा पैसे घेऊन खेळण्याचा खेळ आहे, हे झाकून ठेवण्याचे कारण उरले नाही. दोन वर्षांनी, १७ मार्च १८७१ रोजी, न्यूयॉर्कमध्ये संघांच्या प्रतिनिधींची बैठक झाली आणि ‘नॅशनल असोसिएशन’ ही पहिली व्यावसायिक लीग स्थापन झाली. प्रवेशशुल्क होते १० डॉलर. ही रक्कम इतकी कमी होती की पुरेसे भांडवल नसलेले संघही आत आले, आणि या एका गोष्टीचा परिणाम मॅथ्यूजच्या स्मृतीवर आजपर्यंत होत आहे.

इंडियाना राज्यातील फोर्ट वेन हे त्या वेळी फार मोठे शहर नव्हते. तेथील संघाचे नाव होते ‘किकियोंगा’. मूळनिवासी मायामी लोकांच्या त्या जागेवरील वस्तीचे हे नाव. बाल्टिमोरच्या ‘मेरीलँड’ संघातून खेळलेले अनेक खेळाडू या संघात आले होते आणि मॅथ्यूज त्यांच्यापैकी एक होता. त्याचे वय १९ वर्षे, उंची पाच फूट पाच इंच आणि वजन साधारण १४० पौंड, म्हणजे ६३ किलोच्या आसपास. आजचे पिचर सहा फुटांहून उंच आणि भरभक्कम असतात. त्यांच्या रांगेत मॅथ्यूज उभा राहिला असता, तर तो संघाचा पिचर आहे असे कोणाला वाटले नसते.

४ मे १८७१ रोजी क्लीव्हलँडचा ‘फॉरेस्ट सिटी’ हा संघ फोर्ट वेनला आला आणि नव्या लीगचा पहिला सामना सुरू झाला. प्रेक्षक सुमारे दोनशे. पाहुण्या संघाची फलंदाजी आधी होती, त्यामुळे व्यावसायिक लीगमधील पहिला चेंडू टाकण्याचा मान मॅथ्यूजकडे आला. त्याच्यासमोरचा पहिला फलंदाज डीकन व्हाइट याने दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे एक धाव पूर्ण करण्यासाठी गाठाव्या लागणाऱ्या चार टप्प्यांपैकी दुसऱ्यापर्यंत, पोहोचवणारा जोरदार फटका मारला. पुढच्या फलंदाजाचा फटका दुसऱ्या बेसजवळ उभ्या असलेल्या टॉम केरीने झेलला आणि बेस सोडून पुढे सरकलेल्या व्हाइटलाही त्याच खेळीत बाद केले. त्यानंतर क्लीव्हलँडला सामन्याच्या शेवटपर्यंत एकही धाव करता आली नाही. नवव्या डावात पाऊस आला आणि खेळ थांबला. फोर्ट वेनने सामना २-० असा जिंकला होता.

आजच्या बेसबॉलमध्ये २-० हा निकाल नेहमीचा आहे. १८७१ मध्ये तो थक्क करणारा होता. त्या हंगामात प्रत्येक संघ एका सामन्यात सरासरी दहाहून अधिक धावा करत होता. क्षेत्ररक्षक उघड्या हातांनी झेल घेत असत, मैदाने ओबडधोबड होती, आणि हातातून सुटलेल्या चेंडूंवर मिळालेल्या धावांचा वाटा एकूण धावांत फार मोठा असे. असा निकाल लागण्यासाठी पिचर उत्तम असून भागत नसे; त्याच्या मागे उभे असलेले आठही जण त्या दिवशी चुकता कामा नयेत, अशी गरज असे. म्हणून त्या काळातील पिचरचे मोल केवळ दिलेल्या धावांवरून ठरवणे अन्यायाचे होते, असे मला वाटते.

किकियोंगा संघ मात्र टिकला नाही. पैसे आटले, खेळाडू पांगले आणि ऑगस्ट १८७१ मध्ये संघाने हंगाम अर्ध्यावर सोडला. अधिकृत नोंदीनुसार त्याचे सात विजय आणि बारा पराभव झाले. त्यांपैकी सहा विजय आणि अकरा पराभव मॅथ्यूजच्या नावावर आहेत. फोर्ट वेनच्या अनुभवानंतर तो आपल्या गावी परतला आणि १८७२ मध्ये बाल्टिमोरच्या ‘लॉर्ड बाल्टिमोर’ संघाकडून २५ सामने जिंकला.

खालून टाकलेला चेंडू

आकडे पुढे नेण्यापूर्वी एक तांत्रिक बाब स्पष्ट करणे आवश्यक आहे. त्या काळी पिचर आजच्यासारखा हात डोक्यावर नेऊन चेंडू फेकत नसे. नियमानुसार चेंडू कमरेखालून टाकावा लागे. सुरुवातीला तर कोपर ताठ ठेवून, मनगटाला झटका न देता, केवळ हात झुलवून चेंडू सोडणे अपेक्षित होते. खेळाच्या जुन्या कल्पनेत फलंदाजाला मारण्याजोगा चेंडू देणे हे पिचरचे काम होते आणि चेंडू मारल्यानंतर खरा खेळ सुरू होत असे. याच कल्पनेतून १८७१ साली असाही नियम आला की फलंदाजाने आपल्याला उंच चेंडू हवा की खालचा, हे आधी सांगावे आणि पिचरने त्याप्रमाणे तो द्यावा. ही सवलत १८८६ पर्यंत, म्हणजे मॅथ्यूजच्या अखेरच्या हंगामाच्या आदल्या वर्षापर्यंत, टिकली. याचा अर्थ असा की मॅथ्यूजने आपली जवळजवळ संपूर्ण कारकीर्द, चेंडू कोणत्या उंचीवर येणार हे ज्यांना ठाऊक असे अशा फलंदाजांसमोर काढली.

१८७२ मध्ये नियम सैल झाला. हात कमरेखालून जाईल इतके पाळले, तर कोपर वाकवणे आणि मनगटाचा झटका देणे ग्राह्य ठरले. क्रिकेटच्या वाचकांना हा प्रवास ओळखीचा वाटेल. क्रिकेटमध्येही गोलंदाजी खालून सुरू झाली, मग हात खांद्यापर्यंत गेला आणि १८६४ मध्ये एमसीसीने डोक्यावरून चेंडू टाकण्यास मान्यता दिली. बेसबॉलच्या प्रमुख लीगमध्ये तशी पूर्ण मुभा मिळायला १८८४ साल उजाडले. अंतरही वेगळे होते. आज पिचर आणि फलंदाज यांच्यात ६० फूट ६ इंचांचे अंतर असते. मॅथ्यूजच्या पहिल्या दहा वर्षांत ते ४५ फूट होते, म्हणजे सुमारे पावणेचौदा मीटर, आणि १८८१ पासून ५० फूट झाले. चेंडूचा वेग आजच्या मानाने कमी असला, तरी तो इतक्या जवळून येत असल्यामुळे फलंदाजाला विचार करायला मिळणारा वेळ फारसा जास्त नव्हता.

खालून टाकण्याच्या पद्धतीमुळे खांद्यावर येणारा ताण तुलनेने कमी राही, आणि सामने आठवड्यात साधारण दोन-तीनच होत. त्यामुळे संघाने एकच पिचर ठेवावा आणि त्यानेच प्रत्येक सामना सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळावा, ही त्या काळची सर्वमान्य रीत होती. मॅथ्यूज १८७३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘म्युच्युअल’ संघात गेला तेव्हा या रीतीचे सर्वांत ठसठशीत उदाहरण तयार झाले. १८७३ मध्ये म्युच्युअल संघाने २९ सामने जिंकले आणि ते सर्व मॅथ्यूजच्या नावावर आहेत. १८७४ मध्ये संघाने ४२ सामने जिंकले. तेही सर्व त्याचेच. १८७५ मध्ये ३० पैकी २९ त्याचे, आणि १८७६ मध्ये २१ पैकी २१. चार हंगामांत संघाने मिळवलेल्या १२२ विजयांपैकी १२१ एका माणसाने मिळवून दिले. अर्थात पराभवांचे ओझेही त्यानेच वाहिले: त्याच चार हंगामांत संघाच्या १२० पराभवांपैकी ११७ त्याच्या खात्यात आहेत. १८७५ च्या हंगामात त्याने सहाशेहून अधिक डाव पिचिंग केले. आजचा एखादा तगडा पिचर वर्षाला दोनशे डाव खेळला तरी त्याचे कौतुक होते.

येथे एक सावधगिरीची सूचना द्यायला हवी. या तुलनेवरून मॅथ्यूज आजच्या पिचरपेक्षा तिप्पट श्रेष्ठ होता असे ठरत नाही, आणि आजचे पिचर नाजूक आहेत असेही ठरत नाही. डोक्यावरून पूर्ण ताकदीने टाकलेला चेंडू खांद्याला आणि कोपराला जितकी इजा करतो, तितकी खालून टाकलेला करत नाही. तुलना करायचीच असेल तर ती त्याच्या समकालीनांशी करावी, आणि त्या तुलनेत १८७४ चे ४२ विजय, बोस्टनच्या अतिशय बलाढ्य संघाच्या खालोखाल दुसरे स्थान मिळवून देणारे, निःसंशय मोलाचे आहेत.

चेंडू वळतो तो कसा

मॅथ्यूजकडे वेग फारसा नव्हता. त्याचे बळ मनगटात आणि डोक्यात होते. कर्व्हबॉल, म्हणजे हवेतच मार्ग बदलणारा चेंडू, प्रथम कोणी टाकला याविषयी एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला आणि श्रेय बहुतेक वेळा कँडी कमिंग्ज या पिचरला दिले जाते. मॅथ्यूज हा चेंडू आत्मसात करून सातत्याने वापरणाऱ्या अगदी पहिल्या पिचरांपैकी एक मानला जातो. या दोघांचे मार्ग एकमेकांना वारंवार छेदून गेले. १८७२ मध्ये कमिंग्ज म्युच्युअल संघात होता आणि मॅथ्यूज बाल्टिमोरमध्ये. पुढच्या वर्षी दोघांनी जणू जागांची अदलाबदल केली आणि कमिंग्ज बाल्टिमोरला, तर मॅथ्यूज न्यूयॉर्कला गेला.

चेंडू हवेत वळण्यामागचे विज्ञान फार अवघड नाही. फिरत जाणारा चेंडू आपल्या पृष्ठभागालगतची हवा सोबत ओढतो. ज्या बाजूचा पृष्ठभाग समोरून येणाऱ्या हवेच्याच दिशेने फिरत असतो, तिकडे हवा चेंडूला अधिक वेळ चिकटून राहते. दुसऱ्या बाजूला ती लवकर सुटते. परिणामी चेंडूच्या मागे हवेचा झोत एका बाजूला ढकलला जातो आणि चेंडू स्वतः विरुद्ध बाजूला सरकतो. जर्मन शास्त्रज्ञ हाइनरिश मॅग्नस याच्या नावावरून याला मॅग्नस परिणाम म्हणतात. क्रिकेटमध्ये लेगस्पिनरचा चेंडू टप्पा पडण्याआधीच हवेत किंचित बाजूला सरकतो किंवा अचानक खाली येतो, तो याच कारणाने. वेगवान गोलंदाजाचा स्विंग मात्र वेगळा; तो प्रामुख्याने शिवणीचा कोन आणि चेंडूच्या दोन बाजूंच्या गुळगुळीतपणातील फरक यांवर अवलंबून असतो.

आता १८७२ च्या नियमबदलाचे महत्त्व लक्षात येईल. चेंडूला भरपूर फिरकी देण्यासाठी मनगट वळवावे लागते, आणि मनगटाचा झटका नियमबाह्य असताना दिलेली फिरकी पंचाच्या नजरेत सापडण्याची भीती असे. झटका वैध झाल्यावर जे पिचर त्याचा पूर्ण उपयोग करू शकले, त्यांत मॅथ्यूज अग्रभागी होता. उजव्या हाताने, खालून, मनगट फिरवून सोडलेला त्याचा चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर जाई. फलंदाजाने उंची मागून घेतलेली असली, तरी बाजूचे वळण त्याला मागता येत नव्हते. सवलतीच्या त्या नियमातून पिचरला उरलेली हीच मोकळी जागा होती.

त्याच्या नावाशी जोडली गेलेली दुसरी कला म्हणजे स्पिटबॉल, थुंकीने ओला केलेला चेंडू. १८६८ च्या सुमारास, म्हणजे तो जेमतेम सतरा वर्षांचा असताना, मॅथ्यूज असा चेंडू टाकत होता, असे त्याच्याविरुद्ध खेळलेल्या फॉनी मार्टिन या पिचरने पुढे सांगितले. बोटे आणि चेंडू यांच्यातील घर्षण ओलाव्यामुळे कमी होते. चेंडू बोटांतून निसटतो आणि त्याला नेहमीपेक्षा फारच थोडी फिरकी मिळते. कमी फिरकीचा चेंडू फलंदाजाच्या अपेक्षेपेक्षा लवकर खाली येतो आणि कधी कधी अनाकलनीय रीतीने डगमगतो. त्या वेळी याला कोणताही नियम आडवा येत नव्हता. बेसबॉलने स्पिटबॉलवर बंदी घातली ती १९२० मध्ये, आणि तेव्हाही ज्यांची उपजीविका त्यावर होती अशा मोजक्या पिचरांना तो निवृत्तीपर्यंत वापरू दिला. क्रिकेटमध्ये चेंडूला थुंकी लावण्यावर बंदी येण्यासाठी करोनाची साथ यावी लागली. मॅथ्यूज हा स्पिटबॉलचा जनक होता असे छातीठोकपणे म्हणणे मला योग्य वाटत नाही. एका साक्षीवर इतका मोठा दावा उभा राहू शकत नाही. मात्र चेंडूच्या पृष्ठभागाशी प्रयोग करून पाहणाऱ्या पहिल्या पिचरांत तो होता, असे म्हणण्यास हरकत नाही.

उतार आणि पुन्हा चढ

२ फेब्रुवारी १८७६ रोजी नॅशनल लीगची स्थापना झाली आणि नॅशनल असोसिएशन संपुष्टात आली. नव्या लीगची शिस्त कडक होती. हंगामाच्या शेवटी पश्चिमेकडील शहरांचा दौरा करण्यास म्युच्युअल संघाने नकार दिला, कारण त्यात पैसे सुटत नव्हते. लीगने त्या वर्षअखेरीस न्यूयॉर्कसारख्या मोठ्या शहराचा हा संघ काढून टाकला. मॅथ्यूजचे घर पुन्हा एकदा मोडले. १८७७ मध्ये तो सिनसिनाटीला गेला आणि तेथे त्याचे केवळ तीन विजय व बारा पराभव झाले. योगायोग असा की त्या दुबळ्या संघात त्याचा सोबती होता कँडी कमिंग्ज. कमिंग्जसाठी तो प्रमुख लीगमधील शेवटचा हंगाम ठरला. १८७८ मध्ये मॅथ्यूजही मोठ्या लीगच्या बाहेर होता आणि त्याची कारकीर्द संपल्याचे कोणी म्हटले असते तर ते चुकीचे वाटले नसते.

१८७९ मध्ये प्रॉव्हिडन्सने त्याला घेतले, पण वेगळ्या भूमिकेत. संघाचा मुख्य पिचर जॉन मॉन्टगोमेरी वॉर्ड होता आणि त्याने ४७ सामने जिंकले. मॅथ्यूजने उरलेले १२ जिंकले आणि प्रॉव्हिडन्सने ५९ विजयांसह विजेतेपद पटकावले. वरवर पाहता १२ हा आकडा लहान आहे. परंतु सामने वाढत चालले होते, हात डोक्याच्या दिशेने वर सरकत होता आणि एकाच पिचरवर संपूर्ण हंगाम काढण्याचे दिवस सरत होते. मुख्य पिचरला विश्रांती देणारा सक्षम दुसरा पिचर असणे हा त्या काळी नवा विचार होता. एकेकाळी संघाचे सर्व सामने एकट्याने खेळलेला मॅथ्यूज हा या बदलाचाही सुरुवातीचा चेहरा ठरला, याचे मला विशेष वाटते. पुढे १८८१ मध्ये प्रॉव्हिडन्स व बोस्टन आणि १८८२ मध्ये बोस्टन असे त्याचे हंगाम गेले. बोस्टनसाठी त्याने १८८२ मध्ये १९ सामने जिंकले.

त्यानंतर, वयाच्या ३१ व्या वर्षी, त्याच्या आयुष्यातील सर्वांत सुंदर पर्व सुरू झाले. १८८२ मध्ये ‘अमेरिकन असोसिएशन’ नावाची प्रतिस्पर्धी लीग निघाली होती. नॅशनल लीगचे तिकीट ५० सेंटचे होते, हिचे २५ सेंटचे; रविवारी सामने आणि मैदानात बिअर यांनाही तिने परवानगी दिली होती, त्यामुळे कामगारवर्ग मोठ्या संख्येने तिच्याकडे वळला. मॅथ्यूज १८८३ मध्ये या लीगमधील फिलाडेल्फियाच्या ‘अॅथलेटिक’ संघात दाखल झाला. त्या वर्षी त्याने ३० सामने जिंकले, १३ हरला, आणि संघाने ६६ विजय मिळवून सेंट लुईसला अवघ्या एका सामन्याच्या फरकाने मागे टाकत विजेतेपद मिळवले. फिलाडेल्फियात खेळाडूंची भव्य मिरवणूक निघाली. १८८४ मध्ये पुन्हा ३० विजय आणि १८८५ मध्ये पुन्हा ३०. सलग तीन वर्षे अगदी तेवढेच विजय मिळवणाऱ्या या माणसाला आता ५० फुटांवरून चेंडू टाकायचा होता, फलंदाजांना कर्व्हबॉलची सवय झालेली होती आणि समोरच्या संघात खांद्याच्या जोरावर वेगाने चेंडू टाकणारे तरुण पिचर येऊ लागले होते. तरीही तो टिकला, कारण त्याचे पिचिंग कधीच ताकदीवर उभे नव्हते. एखाद्या फलंदाजाची खोड लक्षात ठेवणे, वेग कमी-जास्त करणे आणि चेंडू हवा तिथे टाकणे, ही कौशल्ये वयाबरोबर लगेच झिजत नाहीत.

१८८६ मध्ये मात्र विजय १३ वर आले आणि १८८७ मध्ये तीनवर. त्या शेवटच्या वर्षी नियमही विचित्र झाले होते. फलंदाजाला बाद करण्यासाठी तीनऐवजी चार स्ट्राइक, म्हणजे त्याने चुकवलेले किंवा मारण्याजोगे असूनही सोडून दिलेले चेंडू, लागत होते, आणि हा प्रयोग एकाच हंगामानंतर सोडून देण्यात आला. मॅथ्यूजने खेळणे थांबवले. पुढे त्याने काही सामन्यांत पंचाचे काम केले, पण त्याची प्रकृती ढासळत गेली. सिफिलिसचा संसर्ग मेंदूपर्यंत पोहोचला होता, आणि पेनिसिलीन येण्यापूर्वीच्या त्या काळात या अवस्थेवर कोणताही खरा इलाज नव्हता. १७ एप्रिल १८९८ रोजी बाल्टिमोरमध्ये, वयाच्या ४६ व्या वर्षी, तो मरण पावला.

मोजायचे काय आणि कशाला

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येता येईल. मॅथ्यूजने नॅशनल असोसिएशनमध्ये १३१, नॅशनल लीगमध्ये ६० आणि अमेरिकन असोसिएशनमध्ये १०६ सामने जिंकले. तीन वेगवेगळ्या लीगमध्ये प्रत्येकी पन्नासहून अधिक विजय मिळवणारा दुसरा पिचर झालेला नाही. एकूण बेरीज २९७ विजय आणि २४८ पराभव. १९६९ मध्ये बेसबॉलच्या नोंदींचा एक मोठा कोश तयार होत असताना, इतिहासातील कोणत्या लीगना ‘मेजर’, म्हणजे सर्वोच्च, दर्जा द्यायचा हे ठरवण्यासाठी एक विशेष समिती नेमण्यात आली. तिने नॅशनल लीग, अमेरिकन असोसिएशन आणि आणखी काही लीग मान्य केल्या; अगदी १८८४ या एकाच वर्षी चाललेली युनियन असोसिएशनसुद्धा मान्य केली. नॅशनल असोसिएशन मात्र वगळली. तिचे वेळापत्रक अनियमित होते आणि कारभार विस्कळीत होता, असे कारण दिले गेले.

कारण खोटे नव्हते. सामन्यांच्या तारखा संघांचे सचिव पत्रव्यवहाराने ठरवत, कमकुवत संघ हंगाम अर्धवट सोडून देत, किकियोंगाप्रमाणेच, आणि बोस्टनच्या संघाने १८७५ मध्ये ७१ सामने जिंकून अवघे ८ गमावले, इतकी स्पर्धा एकतर्फी झाली होती. तरीही त्या पाच वर्षांत देशातील सर्वोत्तम व्यावसायिक खेळाडू याच लीगमध्ये खेळत होते, आणि १८७६ मध्ये नॅशनल लीग सुरू झाली तेव्हा हेच खेळाडू तिच्यात गेले. त्यामुळे एखाद्याची गुणवत्ता १८७५ मध्ये दुय्यम होती आणि १८७६ मध्ये अचानक अव्वल दर्जाची झाली, असे मानावे लागते. संस्थेचा कारभार कसा होता हा एक प्रश्न आहे आणि तिच्या मैदानावरील खेळ कोणत्या दर्जाचा होता हा दुसरा. समितीने पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला लावले, असे माझे मत आहे.

या निर्णयाची झळ सर्वांना सारखी बसली नाही. कँडी कमिंग्जच्या १४५ विजयांपैकी १२४ नॅशनल असोसिएशनमधले; अधिकृत हिशेबात त्याच्याकडे केवळ २१ विजय उरतात. पण बेसबॉलमधील थोर व्यक्तींचा गौरव करणाऱ्या कूपर्सटाउनच्या हॉल ऑफ फेममध्ये त्याची निवड १९३९ मध्येच झाली होती, कर्व्हबॉलचा निर्माता म्हणून. त्याच्या बाजूने हेन्री चॅडविक या प्रभावी पत्रकाराची साक्ष होती. इंग्लंडमध्ये जन्मलेल्या चॅडविकने क्रिकेटच्या धावफलकाच्या धर्तीवर बेसबॉलचा धावफलक रूढ केला होता, आणि मॅथ्यूजचे विजय आज मोजता येतात तेही अशाच धावफलकांमुळे. मॅथ्यूजकडे एखाद्या शोधाची स्वच्छ, सांगण्यासारखी कथा नव्हती. त्याच्याकडे होते ते सतरा वर्षांत विखुरलेले पंधरा हंगाम, बुडालेले किंवा काढून टाकलेले संघ, आणि कागदावर ३०० ला स्पर्श न करणारी बेरीज. १६६ विजयांचा पिचर म्हणून पाहिले तर त्याचे नाव पुढे येण्याचे कारणच उरत नाही. हॉल ऑफ फेममध्ये तो आजही नाही.

डिसेंबर २०२० मध्ये मेजर लीग बेसबॉलने १९२० ते १९४८ या काळातील सात कृष्णवर्णीय लीगना ‘मेजर’ दर्जा दिला. वर्णभेदामुळे बाहेर ठेवल्या गेलेल्या खेळाडूंवरील तो अन्याय नॅशनल असोसिएशनच्या प्रश्नापेक्षा कितीतरी गंभीर होता, आणि दोन्हींची बरोबरी करणे चुकीचे ठरेल. परंतु विस्कळीत वेळापत्रक हा दर्जा नाकारण्याचा पुरेसा आधार नाही, हे त्या निर्णयाने मान्य झाले आहे, कारण त्या लीगचे वेळापत्रकही परिस्थितीमुळे अनियमितच असे. नॅशनल असोसिएशनविषयी १९६९ चा निकाल तेव्हाही कायम राहिला, आणि त्यामुळे ४ मे १८७१ रोजी फोर्ट वेनमध्ये मिळवलेला २-० असा विजय अधिकृत १६६ मध्ये अजून धरलेला नाही.